तीन डाव्या बाह्यांचा बाण

मी एक जुना फाळ आहे. नांगराचा नव्हे, बाणाचा. मित्रांनो, बाणाच्या पुढच्या टोकाला जे पोलादी पाते असते ना, तोच मी. लांबीला तुमच्या करंगळीएवढा, अंगाने सडपातळ, आणि डाव्या गालावर बारीक तिरप्या रेघा. त्या रेघा म्हातारपणाच्या सुरकुत्या नाहीत, त्यांची गोष्ट पुढे येईलच. सध्या मी एका चावीला लटकत असतो. तुम्ही म्हणाल, बाणाच्या फाळाने हवेत उडायचे सोडून चावीला लोंबकळायची वेळ का यावी? सांगतो. पण एक आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणे गायला बसलेलो नाही. चावीला लटकण्याचा मान सगळ्यांनाच मिळत नाही.

जन्मतः मी फाळ नव्हतो. पहिली बारा वर्षे मी कानस होतो. लोखंड घासून गुळगुळीत करायची, अंगभर दात असलेली कानस तुम्ही पाहिली असेल. एका अरुंद गल्लीत कुलपे बनवणाऱ्या कुलूपकाकांचे दुकान होते, तिथे मी कामाला होतो. काका कुलूप हाताने घडवत. त्यांच्या हातून गेलेल्या दोन कुलपांच्या चाव्या कधी एकसारख्या निघाल्या नाहीत, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. कुणी चावीची नक्कल करून मागायला आले, तर ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "मी कुलपं करतो, नकला नाही. कोपऱ्यावर जा." आणि आलेले गिऱ्हाईक मुकाट्याने कोपऱ्यावर जाई.

लोखंडावर घासून घासून माझे दात झिजले. झिजलेल्या कानशीला कोण विचारतो? पण काकांना काही टाकून देणे जमत नसे. त्यांनी मला एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. डब्यात तुटके स्क्रू होते, मोडकी बिजागरी होती, आणि वरून टाकलेला एक दाढीचा ब्रश होता. अशा मंडळींबरोबर मी दोन वर्षे काढली.

मग एके दिवशी काका एक संग्रहालय बघून आले. तिथे काचेआड एक जुना फाळ ठेवला होता म्हणे. काका त्याच्यासमोर एवढा वेळ उभे राहिले, की पहारेकऱ्याने त्यांना बसायला स्टूल आणून दिले. घरी येऊन ते आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाले, "ताई, हे मला जमेल."

"तुला सगळं जमतं," ताई म्हणाल्या. "फक्त हाक मारल्यावर जेवायला येणं जमत नाही."

या ताई म्हणजे आमच्या घराचा वरचा मजला. खाली काकांचे दुकान, वर ताईंचे शिवणकाम. दोघांनीही साठी ओलांडलेली, दोघेही एकेकटे, आणि दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. लहानपणी काका घरातली भांडी ठोकत बसत, म्हणून ताईंनी त्यांचे नाव ठेवले होते ठोक्या. ते अजून तसेच चालू होते. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वरून हाक येई, "ठोक्या, वर ये," आणि एवढे मोठे कारागीर निमूटपणे वर जात.

घरामागे छोटे अंगण होते आणि अंगणात एक पत्र्याची खोली. तिला काकांनीच बनवलेले कुलूप होते आणि त्याची एकुलती एक चावी काकांच्या कमरेला असे. त्या खोलीत काकांनी आपला कारखाना मांडला. जुन्या बादलीला आतून माती लिंपून भट्टी केली. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा कुठून तरी मिळवला. भट्टीला वारा घालायला भाता नव्हता, म्हणून त्यांनी ताईंचा हेअर ड्रायर नेला. त्या दिवसापासून ताईंचे केस उन्हात वाळू लागले.

पोलाद हवे म्हणून काकांनी डबा उलटा केला आणि मी बाहेर पडलो.

भट्टीत माझे काय झाले हे विचारू नका, कारण ते सांगायला शब्द अपुरे आहेत. आधी लाल झालो, मग नारिंगी. बारा वर्षांचा ताठा पहिल्या दहा मिनिटांत उतरला. काकांनी मला ऐरणीवर धरून ठोकले, पुढचे टोक निमुळते केले, मागचा भाग पंख्यासारखा पसरवला आणि गुंडाळून त्याची नळी केली. बाणाची दांडी बसते ती हीच नळी. ती दोनदा वाकडी झाली. दोन्ही वेळा काका मला काहीबाही बोलले, पण चूक त्यांची होती. शेवटी पोलादाला पाणी द्यायची वेळ आली. पाणी देणे म्हणतात खरे, पण मला लालबुंद करून बुडवले ते कोमट तेलात. एवढा धूर झाला की खोलीत काका दिसेनात.

"ठोक्या, जिवंत आहेस का?" वरून आवाज आला.

"आहे."

"मग खिडकी उघड."

नंतर त्यांनी मला पुन्हा हलकेच तापवले. माझा रंग वाळक्या गवतासारखा पिवळसर झाल्यावर बाहेर काढले, म्हणजे मी कणखरही राहीन आणि काचेसारखा तडकणारही नाही. कानशीचे जुने दात मात्र डाव्या गालावर थोडेसे उरले. काकांनी ते मुद्दाम घासले नाहीत. "राहू दे," ते म्हणाले, "कुठून आला ते त्याला आठवत राहील." मित्रांनो, तेव्हा मला फार बरे वाटले.

या घरात बाणाची वाटणी ठरलेली होती. पुढचे टोक काकांचे, मागचे ताईंचे. काका फाळ घडवत आणि दांडी तासत. ताई शेपटाला तीन पिसे चिकटवत आणि वरून दोरा इतका सुबक गुंडाळत की गाठ शोधून सापडू नये. त्यांच्यासारखी शिलाई त्या गल्लीत कुणाची नव्हती. त्यामुळे पिसांत चूक असेल असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. ताईंच्या तर नाहीच नाही.

वर्षातून एकदा गावाबाहेरच्या मैदानावर हौशी बाणकरांचा मेळा भरे. शाळेतून निवृत्त झालेले एक कवायतीचे शिक्षक तो चालवत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. नियम एकच पण कडक. प्रत्येक घराने तीन बाण आणायचे, आणि ते टोकापासून शेपटापर्यंत घरचेच असले पाहिजेत. नऊ घरे येत. गवताच्या भाऱ्यावर कापड ताणून त्यावर वर्तुळे काढलेली असत.

माझ्या पहिल्या मेळ्यात मी धनुष्यावरून सुटलो तो डुलत डुलत, शेपूट हलवत गेलो. भारा डावीकडे राहिला आणि मी उजवीकडच्या दगडावर आदळलो. दांडीचे दोन तुकडे झाले. आमचे घर नववे आले. नऊ घरांत नववे.

घरी परतताना काका म्हणाले, "ताई, पिसं नीट बसली नव्हती."

"पिसं?" ताई थांबल्याच. "माझी पिसं डोळे झाकून बघ, सरळ आहेत. तुझे फाळच एक मोठा, एक बारका. नाचता येईना, अंगण वाकडं."

एवढे बोलून त्यांनी मला काकांच्या हातातून घेतले. त्यांना चामड्याच्या पट्ट्यांना भोके पाडायला टोचा हवा होता. झाले. बाणाच्या फाळाचा मी टोचा झालो. पुढली पाच वर्षे मी बटणांच्या डब्यात राहिलो आणि लोकांच्या कमरेचे पट्टे सैल करत बसलो. सुरुवातीला अपमान वाटला, खोटे कशाला बोलू? अंगावर गंजाचे दोन ठिपकेही आले. पण त्या डब्यातून मला ताईंची खोली दिसे, आणि जे काकांना कधी दिसले नाही ते मी रोज बघत होतो.

खोली एवढीशी होती. शिवणयंत्र, कपाट आणि खाट मांडली की संपली. कापड बेतायला टेबल मावत नसे. ताई जमिनीवर गुडघे टेकून कापड कापत. पूर्वी हे काम अंगवळणी पडलेले होते, पण आता त्यांना उठताना भिंत धरावी लागे. त्यातच त्यांना मोठमोठ्या सभागृहांचे पडदे शिवायचे काम मिळू लागले. तो पडदा एकदा पसरला की ताई त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगत जात आणि मध्येच थांबून गुडघे चोळत. काकांची पावले जिन्यात वाजली की लगेच हात काढून घेत.

अशी पाच वर्षे गेली. पाचही वर्षी आमचे घर नववे. खापर फोडायला डोके हवे असते, ते दोघांनाही समोरच मिळत होते. सहाव्या वर्षी मात्र, मेळ्याला महिना असताना, ताई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "ठोक्या, मला पत्र्याची खोली दे. मोठं टेबल मावेल तिथं."

"आणि माझी भट्टी?"

"बाजूला मांड."

"ठिणगी आणि कापड एका खोलीत नांदत नाहीत, ताई."

"मग असं करू. यंदाही नववे आलो तर खोली माझी. नाही आलो तर पुन्हा विषय काढणार नाही."

काका कमरेची चावी चाचपू लागले. त्या खोलीत त्यांचा जीव अडकला होता हे घरातल्या सुईलाही माहीत होते. शेवटी म्हणाले, "ठरलं."

त्यांनी जिद्दीने तीन नवे फाळ घडवले. तिसऱ्याला पाणी देताना तेल कोमट करायचा कंटाळा केला आणि थंड पाण्यात बुडवले. टिंग असा बारीक आवाज आला. फाळ टोकापासून नळीपर्यंत तडकला. डब्यात पोलाद उरले नव्हते आणि मेळ्याला दहा दिवस होते. काका जिना चढून वर आले, दारात घुटमळले.

"ताई, तुझा टोचा देतेस?"

"आता आठवण झाली त्याची?" असे म्हणून ताईंनी डबा उघडला. मला हातात घेऊन एकदा पदराला पुसले आणि काकांना दिले. "गंजवू नकोस," त्या म्हणाल्या. गंजवला कुणी होता, ते मी बोललो नाही.

ताई मागोमाग खाली उतरल्या. त्यांनी आपली फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगली आणि तिचा तराजू केला. एका टोकाला मला अडकवले, दुसऱ्या टोकाला नवा फाळ. पट्टी धाडकन कलली. दुसरा लावला, तर तिसऱ्याच कोनात कलली.

"हे तीन भाऊ आहेत की तीन शेजारी?" ताई म्हणाल्या. "हलका बाण वर जातो, जड बाण खाली. मी म्हणत होते ते हेच."

"दोन चाव्या सारख्या झाल्या तर कारागिराची अब्रू जाते."

"चाव्या नाहीत या. बाण आहेत. त्यांनी कुणी तुझं घर फोडणार नाहीये. तिघांना एकसारखं कर."

"म्हणजे नक्कल?" काकांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. "मी नकला करत नाही."

दोन दिवस रुसवा चालला. तिसऱ्या दिवशी काकांनी दार आतून लावून घेतले, कुणी बघणार नाही याची खात्री केली, आणि मला नमुना म्हणून समोर ठेवून त्या दोघांना घासायला बसले. मी सगळ्यांत हलका होतो, पाच वर्षे चामड्यात झिजलो होतो ना! ते घासत, पट्टीवर तोलत, पुन्हा घासत. संध्याकाळी पट्टी अगदी आडवी राहिली. तीस वर्षांची मोडलेली सवय त्यांच्या पायाशी लोखंडाच्या भुशासारखी पडली होती. त्यांनी ती झाडून घेतली आणि बाहेर येऊन म्हणाले, "तोलून बघ." बस, एवढेच.

आता पिसांचे ऐका, कारण सगळी मेख तिथेच होती.

पक्ष्याच्या डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळते आणि उजव्या पंखाचे दुसऱ्या. पंखातून गळून पडलेली पिसे हातात धरून बघा, कळेल. ताई शिंपीण होत्या. त्यांच्या हिशेबी डाव्या बाहीला उजवी बाही लागतेच. त्यामुळे बाणालाही त्या एक डावे पीस आणि एक उजवे पीस लावत, आणि तिसरे जे देखणे दिसेल ते. सदरा असता तर झकास झाला असता. पण बाणाला एक पीस म्हणे इकडे फिर, दुसरे म्हणे तिकडे फिर, आणि बिचारा बाण मधल्यामध्ये डुलत जाई. हे मला पहिल्याच उड्डाणात कळले होते. पण फाळाला तोंड नसते.

त्या वर्षी पिशवीतली पिसे कमी पडली. दोन बाणांना ताईंनी नेहमीसारखी जोडी लावली. माझ्यासाठी उरली ती तीन, आणि तिन्ही डावी. "एकाच सदऱ्याला तीन डाव्या बाह्या," ताई पुटपुटल्या. त्यांना इतकी लाज वाटली की ती झाकायला त्यांनी माझ्या शेपटाला लाल रेशमी दोरा जरा जास्तच गुंडाळला.

मेळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे मैदानावर सरावाला गेले. पहिला बाण डुलत गेला आणि भाऱ्याच्या उजव्या कडेला लागला. दुसरा डुलत गेला आणि डाव्या कडेला. उंची मात्र दोघांचीही एकच होती. मग माझी पाळी आली. मी सुटलो आणि काय सांगू मित्रांनो, सहा वर्षांत पहिल्यांदा माझे शेपूट माझ्या मागे आले. मी भिरभिर फिरत, नाकासमोर सरळ गेलो आणि मधल्या वर्तुळात बसलो.

काका हरखले. मला उपटून त्यांनी माझ्या गालावरून अंगठा फिरवला. "बघितलंस? जुनं पोलाद ते जुनं पोलाद. त्या दोघांचंच कच्चं आहे. आज पुन्हा भट्टीत घालतो त्यांना."

ताई मात्र माझ्या शेपटाकडे बघत होत्या. शिंपिणीची नजर ती. एका नजरेत त्यांना कळले, आणि त्यांना कळले हे मला कळले.

दुपारी काका कोळसा आणायला गेले. तिन्ही बाण ताईंच्या खोलीत खिडकीशी होते. जमिनीवर सभागृहाचा निळा पडदा पसरलेला. ताई गुडघ्यांवर बसून कापत होत्या. एकदा भिंत धरून उठल्या, कात्री घेतली, पुन्हा बसल्या. दुसऱ्यांदा उठायला त्यांना बराच वेळ लागला. उठून खिडकीशी आल्या आणि खाली पत्र्याच्या खोलीकडे बघत उभ्या राहिल्या. दाराला कुलूप होते.

मित्रांनो, त्यांनी काहीच करायची गरज नव्हती. नुसते गप्प राहायचे होते. काका चांगले फाळ पुन्हा भट्टीत घालून बिघडवणार, उद्या आमचे घर नववे येणार, आणि खोली ताईंची होणार. खोटे बोलायचे नाही की लबाडी करायची नाही, फक्त जिभेवर बोट ठेवायचे. खरे सांगू? त्यांचे गुडघे मी पाच वर्षे पाहिले होते. त्या गप्प राहिल्या असत्या, तरी मी त्यांना दोष दिला नसता.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग कात्री खाली ठेवली, म्हणाल्या, "मेला तो पडदा," पायांत चपला सरकवल्या आणि मला छत्रीसारखे काखेत मारून निघाल्या.

गल्लीच्या टोकाला एक आजी मोठी पांढरी बदके पाळत. पिसे त्यांच्याकडूनच येत.

"सहा पिसं द्या," ताई म्हणाल्या. "सगळी डाव्या पंखाची."

आजींनी कपाळावर हात मारला. "बाई गं, सहा वर्षं मी विचारतेय, एका बाजूची निवडून देऊ का? आणि तू म्हणतेस, नको, जोड्या द्या. मला वाटलं उशीवर शोभेला लावतेस."

ताई हसल्या. पण डोळे पुसल्यासारखे करून हसल्या.

काका कोळशाची पिशवी घेऊन परतले, तेव्हा ताई पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर तिन्ही बाण. दोन बाणांची जुनी पिसे खरवडून नवी लावलेली, डिंक अजून ओला.

"भट्टी पेटवू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझे फाळ चांगले आहेत. चूक माझी होती. पिसांची. पहिल्या वर्षापासून." आणि त्यांनी डाव्या-उजव्या पिसाचे सगळे समजावून सांगितले.

काकांनी पिशवी खाली ठेवली. शेजारी पायरीवर बसले. ओरडतील, टोमणा मारतील असे मला वाटले. सहा वर्षांची संधी होती. पण ते एवढेच म्हणाले, "हे तू मला मेळा संपल्यावरही सांगू शकली असतीस, ताई."

"शकले असते," ताई म्हणाल्या. "चल, डिंक वाळेपर्यंत चहा पिऊ."

दुसऱ्या दिवशीच्या मेळ्यात आमचा पहिला बाण बाहेरच्या वर्तुळात लागला. दुसरा त्याच्या जरा आत. काकांचा नेम जरा चुकत होता, कारण एवढे सरळ जाणारे बाण सोडायची त्यांना सवयच नव्हती. तिसरा मी. मी मधल्या वर्तुळाच्या कडेवर बसलो, पण नुसता बसलो नाही. कापडातून, भाऱ्यातून आरपार जाऊन मागच्या लाकडी चौकटीत घुसलो. काका आणि शिट्टीमास्तर दोघांनी मिळून मला ओढले. मी निघालो, पण माझी नळी उभी चिरली. उडण्याचे माझे दिवस तिथेच संपले. त्याचे मला काही वाटले नाही. असे संपणे बरे.

शिट्टीमास्तरांनी निकाल वाचला आणि मध्येच थांबले. "पाचवे? हे घर? थांबा, मी पुन्हा बेरीज करतो." त्यांनी दोनदा केली. पाचवेच होतो. काकांनी आणि ताईंनी पहिला नंबर आल्यासारखे सगळ्यांशी हात मिळवले.

म्हणजे खोली काकांचीच राहिली. ताईंनी शब्द दिला होता, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे टेकून निळा पडदा पुरा केला.

पुढचा आठवडाभर मात्र काका संध्याकाळी पत्र्याची खोली आतून लावून घेत. आतून कानस चालल्याचा आवाज येई. "पुढच्या वर्षीचे फाळ आत्तापासूनच?" ताई वरून विचारत. कानशीचा आवाज जरा वाढे. मी आत होतो, मला सगळे दिसत होते. अशा कामात त्यांचा हात बसलेला नव्हता. दोन तुकडे वाया गेले. तिसरा त्यांनी आपल्या कमरेच्या चावीशेजारी धरला, उजेडात तपासला, आणि कुलपात घालून फिरवला. कुलूप उघडले. काका स्वतःशीच हसले.

मग त्यांनी माझ्या चिरलेल्या नळीत एक कडी ओवली आणि ते जिना चढून वर गेले.

"हे काय?" ताईंनी विचारले.

"खालच्या खोलीची चावी."

"तुझी हरवली?"

"माझी कमरेला आहे. ही दुसरी."

ताईंनी चावी हातात घेतली. काकांच्या कमरेकडे पाहिले, पुन्हा हातातल्या चावीकडे पाहिले. दोन्हींचे दात एकसारखे होते. "ठोक्या," त्या हळूच म्हणाल्या, "तू नक्कल केलीस?"

"टेबल कुठल्या भिंतीला लावायचं ते सांग," काका दुसरीकडे बघत म्हणाले. "भट्टी मी बाहेर छपराखाली नेली. ठिणगी बाहेर नांदेल, कापड आत."

ताईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्या मुठीत होतो, ती मूठ घट्ट झाली.

तेव्हापासून मी या चावीला आहे. पत्र्याच्या खोलीत आता खिडकीखाली मोठे टेबल आहे आणि ताई उभ्याने कापड बेततात. बाहेर काका ठोकत असतात. बाणांवरून वाद अजून होतात, कारण गेल्या वर्षी आम्ही सहावे आलो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी झिजलेली कानस, एखादे मोडके अवजार डब्यात पडलेले असेल. त्याला फेकू नका. ओल्या हाताने धरलेत तर पुसून ठेवा, अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या. एवढ्यावर आम्ही कितीही वर्षे तुमच्या कामी येतो. आणि कधी चूक आपली आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असेल, गप्प राहिल्याने आपलेच भले होणार असेल, तेव्हा त्या पायरीवर बसलेल्या ताईंना आठवा. मी पोलादाचा आहे, पण त्या दुपारी मला कळले की माझ्यापेक्षा कणखर माणसे असतात.

कधी या गल्लीत आलात तर मला भेटायला या. येऊन माझ्या डाव्या गालावरच्या रेघांवरून बोट फिरवा, मला आवडते. खोलीला कुलूप दिसले तर परत फिरू नका. खाली काका नसले तर वर ताईंना हाक मारा. चाव्या आता दोन आहेत.